औषध पखालीला

जेट स्की हळू पळते? मोठा पंप बसवा. वळणातून बाहेर पडताना इंजिन नुसते किंचाळते आणि स्की जागची हलत नाही? जास्त पिचचा इम्पेलर घाला. तरी जमले नाही? मग अमुक विश्वविजेत्याच्या स्कीवर जो सेट आहे तोच मागवा, म्हणजे शंकाच नको. ॲरिझोनातल्या लेक हवासूपासून थायलंडमधल्या पट्टायापर्यंत, उभ्याने चालवायच्या स्कीची जिथे जिथे शर्यत होते तिथे तिथे हा सल्ला फुकट मिळतो. पंप फुकट मिळत नाही, आणि त्याचे बिल सल्ला देणाऱ्याच्या नावावर फाटत नाही.

या सल्ल्यामागचे सगळे तत्त्वज्ञान तीन वाक्यांत मावते. पंप हा इंजिनाला जोडलेला एक सुटा भाग आहे; तो जितका मोठा आणि महाग, तितका वेग जास्त. इम्पेलरवर कोरलेला आकडा म्हणजे गिअर; वरचा गिअर टाकला की गाडी पळणारच. आणि जो जिंकतो त्याला हे सगळे कळलेले असते, तेव्हा आपण डोके न शिणवता त्याची नक्कल करावी. ऐकायला तिन्ही शहाणी. तिन्ही चूक. ‘त्यातही थोडे तथ्य आहे’ असे म्हणून कोणाची समजूत घालायची माझी तयारी नाही, कारण या थोड्या तथ्यापायीच लोकांचे खिसे रिकामे होतात आणि पिस्टन जळतात.

कळंगुटला किंवा तारकर्लीला भाड्याने मिळते ती स्की बसून चालवायची. तिच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतो आहे मूळच्या, बिनसीटच्या, पुढच्या लांब दांड्याला धरून उभ्याने चालवायच्या स्कीबद्दल. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन मोटोक्रॉसवाल्याच्या डोक्यातून ती निघाली आणि १९७३ मध्ये कावासाकीने ती बाजारात आणली. १९९० मध्ये यामाहाची सुपरजेट आली. सुट्या भागांचा व्यापार अजूनही मुख्यतः या दोन घराण्यांभोवतीच फिरतो. या यंत्राचा पंखा बाहेरून दिसत नाही. बुडाच्या जाळीतून पाणी आत येते, नळीतून वर चढते, इम्पेलर त्याला मागे ढकलतो, इम्पेलरमागची स्थिर पाती पाण्याला बसलेली गिरकी काढून ते सरळ करतात आणि निमुळत्या नोझलमधून धार बाहेर पडते. जाळी, नळी, इम्पेलर, स्थिर पाती, नोझल. पाच जागा. आमच्या सल्लागारांना यांतली मधलीच काय ती दिसते, कारण कॅटलॉगमध्ये तिचाच फोटो देखणा येतो.

आधी गिअरचे वाक्य घेऊ. गिअरबॉक्समध्ये दाताला दात अडकलेला असतो. फेरे आणि वेग यांचे नाते पक्के असते. इम्पेलरचे पाते पाण्यात असे अडकत नाही. ते पाण्याला ढकलते, आणि ढकलण्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे दुप्पट करायचे तर शक्ती आठपट. सुपरजेटचे जुने ७०१ सीसी टू-स्ट्रोक इंजिन कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ७३ अश्वशक्तीचे, आणि ती शक्ती मिळते मिनिटाला साधारण ६,३०० फेऱ्यांना. तोच इम्पेलर ठेवून तेच यंत्र ७,००० फेऱ्यांना न्यायचे म्हटले तर ३७ टक्के जास्त शक्ती लागेल, म्हणजे १०० अश्वशक्ती. सातशे फेऱ्यांसाठी सत्तावीस घोडे! हे गणित ज्याने एकदा केले तो ‘अजून दोन अंश पिच वाढवून बघ’ असे सहज बोलणार नाही. कारण पिच वाढवणे म्हणजे त्याच फेऱ्यांना जास्त शक्ती मागणे. इंजिनाकडे ती नसेल तर ते काय करील? फेरे कमी करील. एका अंशाच्या फरकाने शे-दोनशे फेरे सहज हलतात. टू-स्ट्रोक इंजिनाचा एक्झॉस्ट पाइप ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात जोर देण्यासाठी बेतलेला असतो. त्या पट्ट्याच्या खाली इंजिन अडकले की शक्ती आणखी घसरते, ते गरम होते, ठोकायला लागते. पिच वाढवून वेग घटलेला, आणि वर पिस्टनला भोक. हा कुठला वरचा गिअर?

यावर एक ठरलेले उत्तर येते: ‘सुरुवातीला जड वाटेल, पळायला लागली की घेईल.’ कधी घेईल? बाहेर पंखा असलेल्या मोटरबोटीत होडीने वेग घेतला की पंख्यावरचा भार हलका होतो आणि फेरे चढतात, हे खरे. जेट पंप असा मेहेरबान नाही. पूर्ण थ्रॉटलला तो उभ्या होडीत जेवढी शक्ती खातो, जवळपास तेवढीच पळत्या होडीत खातो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पंपाने पाणी नीट पकडल्यावर जो फेऱ्यांचा आकडा दिसेल, त्याच्या आसपासच शेवटपर्यंत राहणार. ‘घेईल’ची वाट बघणारा शेवटी वळणावरचा तरंगता बोयाच बघतो.

आणि आकडा बघायचा कशावर? जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटवर किंवा कावासाकीच्या ८०० सीसी एसएक्स-आरवर कंपनीने टॅकोमीटर दिलेलाच नसतो. म्हणजे ज्या एका आकड्यावर इम्पेलरची सगळी निवड उभी आहे तो आकडाच बहुतेकांनी कधी पाहिलेला नाही. फेरे कानाने मोजतात. पाइप बदलला की आवाज बदलतो, आवाज बदलला की फेरे वाढल्याचा साक्षात्कार होतो, आणि साक्षात्कार झाला की पिच वाढवायची घाई. पी हळद अन् हो गोरी.

बरे, जो आकडा गिअर म्हणून मिरवतात तो तरी धड वाचावा! इम्पेलरवर आकडे दोन असतात. ९/१७, १३/१८ असे. पहिला पात्याच्या पुढच्या कडेचा कोन, दुसरा मागच्या कडेचा. पुढची कडा पाण्याला पहिल्यांदा भेटते. मागची त्याला निरोप देते. पुढचा कोन येणाऱ्या पाण्याच्या वेगाशी जुळला नाही तर पात्याच्या पाठीवरचा दाब कोसळतो आणि पाणी जागच्या जागी फुटते. पुढे सौम्य आणि मागे चढत जाणारे पाते करतात ते यासाठीच. ९/१७ आणि १३/१७ हे दोन इम्पेलर मागच्या बाजूने सारखे दिसले तरी स्वभावाने वेगळे: एक थांबलेल्या स्कीला हिसका देईल, दुसरा सपाट पाण्यावर लांब धावेल. दुकानाच्या काउंटरवर मात्र ‘सतराचा आहे’ एवढेच चालते. त्यातही स्कॅट-ट्रॅकचा सतरा आणि सोलासचा सतरा एकच नव्हे, कारण कोन कुठे आणि कसा मोजायचा हे प्रत्येक कारखान्याचे आपापले. हबची जाडी वेगळी, पात्यांची लांबी वेगळी. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून जो तुलना करतो त्याने आकडे टाकून रंग बघून इम्पेलर घ्यावा, फरक पडणार नाही.

आता ‘मोठा पंप’. सुपरजेटचा मूळ पंप १४४ मिलिमीटरचा. बाजारात १४८ आहे, १५५ आहे. ११ मिलिमीटरने काय मोठे बिघडणार? तर सारख्या घडणीच्या पंपाला सारख्या फेऱ्यांना लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. १४४ चा १४८ केला की १५ टक्के जास्त शक्ती. १५५ केला की ४४ टक्के. इंजिन तेच ठेवून १५५ चा पंप बसवणाऱ्याला म्हणूनच लगेच पिच उतरवावी लागते. मोठ्या पंपाचे पैसे मोजून लहान पिचला परत यायचे, हा प्रवास ज्याला प्रगती वाटतो त्याला माझा नमस्कार. एवढे कबूल करतो की ज्याचे इंजिन खरोखर फुगवलेले आहे, हजार सीसीच्या घरात नेलेले आहे, त्याला मूळ पंप अपुरा पडतो आणि मोठा लागतोच. पण त्याला सल्ला विचारायची गरज नसते. सल्ला विचारतो तो कंपनीचे इंजिन जसेच्या तसे ठेवलेला माणूस, आणि त्यालाच मोठा पंप विकला जातो.

इम्पेलरवर एवढे बोलणारे नोझलबद्दल मूग गिळून असतात. वास्तविक धारेचा वेग तिथे ठरतो. गणित सोपे आहे. धार सेकंदाला ३० मीटरने, म्हणजे ताशी १०८ किलोमीटरने बाहेर पडते असे धरा. स्की ताशी ७२ ने पळत असेल तर धारेला दिलेल्या शक्तीपैकी आदर्श हिशेबात ८० टक्के पुढे ढकलण्यात कामी येते. वळणातून ती ताशी ३६ ने बाहेर पडत असेल तेव्हा निम्मी शक्ती मागच्या फेसात जाते. नोझलचे तोंड वाढवून धारेचा वेग २५ मीटरवर आणला तर त्याच ३६ च्या वेगाला ५७ टक्के हाती लागते. मात्र मग ताशी ९० ही छताची उंची झाली, कारण स्वतःच्या धारेपेक्षा वेगाने स्की पळू शकत नाही. म्हणजे प्रश्न ‘जास्त की कमी’ असा नाहीच. तुम्हाला जोर कुठे हवा आहे, बोयापाशी की सरळ रेषेच्या टोकाला? बंद वर्तुळातल्या शर्यतीत माणूस टोकाच्या वेगाने पळतो किती सेकंद आणि वळणातून बाहेर पडतो किती वेळा, याचा हिशेब कोणी मांडला आहे? ८५ मिलिमीटरचे तोंड ८८ केले की क्षेत्रफळ ७ टक्क्यांनी वाढते. लेथवर अर्ध्या तासाचे काम. नव्या पंपाच्या किमतीचा एक तुकडाही लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची कोणी शिफारस करत नाही. अर्थात कातलेला धातू परत लावता येत नाही, तेव्हा एकेक मिलिमीटरनेच कातावे.

धार कुठून सोडायची यालाही किती महत्त्व आहे हे न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने १९५० च्या दशकातच दाखवून दिले. उथळ नद्यांतून जायला त्याने पंपाची होडी केली, पण सुरुवातीला धार पाण्याखाली सोडली आणि होडी रेंगाळली. धारेचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वर उचलले आणि होडी पळाली. (याच हॅमिल्टनच्या जेटबोटी घेऊन एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगासागरहून गंगेच्या उलट्या प्रवाहात निघाले आणि पार नंदप्रयागपर्यंत चढले, तिथल्या धबधब्याने त्यांना अडवले. आपल्या गंगेतून जेट पंप इतका वर गेला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही.) हॅमिल्टनला आजचा एखादा सल्लागार भेटला असता तर त्याने धारेचे तोंड तसेच पाण्याखाली ठेवायला लावून वरच्या पिचचा इम्पेलर विकला असता.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ‘इंजिन किंचाळते आणि स्की हलत नाही’ या तक्रारीवर इम्पेलर बदला हे उत्तर म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. इंजिन किंचाळते कारण पंपाला पाण्याऐवजी हवा मिळते आहे, किंवा त्याने ढकललेले पाणी कडेने परत येते आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या विहिरीवर पंप पाणी उचलेना तर शेतकरी मोटार बदलायला निघतो का? आधी सक्शनला हवा धरली आहे का बघतो, फूटव्हॉल्व्ह तपासतो, जोडांवरून हात फिरवतो. किर्लोस्करवाडीत पंप बनायला लागून पिढ्या होऊन गेल्या. एवढी अक्कल आपल्या शिवारात मुरलेली आहे. आणि इकडे ज्यांच्या गॅरेजमध्ये कार्बन फायबरची बुडे टांगलेली असतात ते लोक पाणी घेणारी नळी जिथे बुडाला जोडली आहे तो सांधा उघडूनही बघत नाहीत. त्या सांध्यातले सिलिकॉन जागोजागी सुटलेले असते. तिथून पंप हवा ओढतो. त्यात नवा, जास्त ताकदीने ओढणारा इम्पेलर बसवला की काय होईल? जास्त हवा ओढेल.

दुसरी गळती फटीची. इम्पेलरच्या पात्याचे टोक आणि भोवतीची वेअर रिंग यांत साधारण पाव मिलिमीटर अंतर असावे लागते. वाळू खाऊन खाऊन ते वाढते, आणि उथळ किनाऱ्यावरून स्की सोडणाऱ्याचे फार लवकर वाढते. कागद-पेन्सिल घेऊन बघा: १४४ मिलिमीटरच्या पंपात पाव मिलिमीटरची फट म्हणजे सगळीकडची मिळून १२ मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी वाट. ती फट १ मिलिमीटर झाली की भोक २४ मिलिमीटरचे. एवढे भोक पंपाला पाडून ठेवायचे आणि पिचच्या अंशांवर रात्ररात्र वाद घालायचे! अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फट गेली की रिंग बदलायची, हा साधा नियम आहे. मोजायला फिलर गेज लागते. ते कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते.

तिसरी गोष्ट पात्याच्या पुढच्या कडेची. एखादा खडा जाळीतून आत जातो, कडेला दाढीच्या ब्लेडएवढी खाच पडते. डोळ्यांना ती किरकोळ दिसते. पाण्याला ती किरकोळ नसते. तिच्या मागे दाब घसरतो, आणि २५ अंश तापमानाचे पाणीसुद्धा दाब वातावरणाच्या सुमारे ३ टक्क्यांवर आला की उकळते. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की ते मिटतात, आणि मिटताना धातूचे कण उडवतात. लॉर्ड रॅलेने १९१७ मध्ये या मिटणाऱ्या बुडबुड्याचे गणित मांडले तेही जहाजांचे पंखे असे खाल्ले जात होते म्हणूनच. हा रोग हवेपेक्षा वेगळा आहे आणि ओळखायलाही सोपा आहे: पात्याच्या पाठीवर कुरतडल्यासारखे खड्डे असतील तर पाणी उकळते आहे, पाते गुळगुळीत असून फेरे पळत असतील तर हवा शिरते आहे. दोन्हींवर उपाय वेगळे. बाजार दोन्हींना एकच नाव देतो आणि एकच औषध विकतो.

जास्त शक्ती ओतली म्हणजे वेग मिळतो, या समजुतीचा निकाल तर १८९४ मध्येच लागला आहे. चार्ल्स पार्सन्सने ‘टर्बिनिया’ नावाची होडी बांधली, तिला वेगाने फिरणारी वाफेची टर्बाइन दिली, आणि ती २० नॉटही गाठेना. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की तो पाण्यात नव्हे, स्वतःच केलेल्या पोकळीत फिरत होता. पार्सन्सने काय केले? आणखी मोठा पंखा मागवला? त्याने एक छोटी टाकी बांधली, तिच्यात छोटा पंखा फिरवला, पाणी कुठे फाटते ते डोळ्यांनी पाहिले, आणि मग टर्बाइनची शक्ती तीन दांड्यांवर आणि नऊ पंख्यांवर वाटून टाकली. १८९७ मध्ये स्पिटहेडला ब्रिटिश आरमाराच्या संचलनात हीच होडी ३४ नॉटने सगळ्या गस्ती नौकांना चुकवत पळाली. आधी बघितले, मग बदलले. आपल्याकडे क्रम उलटा. बदलायचे, आणि बघायचे मुळीच नाही.

इथे समोरून हुकमी पान पडते. ‘तुम्ही काहीही म्हणा, मी मोठा पंप बसवला आणि माझी स्की खरोखर वेगाने पळाली!’ पळाली असेल. मी नाकारत नाही. पण बसवताना काय काय केलेत ते आठवा. जुना पंप काढला, म्हणजे जुने सुटलेले सिलिकॉन खरवडून नवे भरले. नव्या पंपात नवी रिंग आली, म्हणजे फट पाव मिलिमीटरवर आली. नवा इम्पेलर आला, म्हणजे खाच नसलेली धारदार कडा आली. बेअरिंग नवी आली. शाफ्टची रेषा पुन्हा जुळवली गेली. हे सगळे जुन्याच पंपाला केले असते तर किती वेग वाढला असता, हे तुम्ही मोजलेत? मग श्रेय मोठ्या व्यासाला कसे काय देता? किंमत मोठी होती म्हणून?

स्थिर पात्यांचेही हेच. सहा ऐवजी बारा पाती असली की गिरकी जास्त निघते, धार सरळ होते. बरोबर. पण प्रत्येक पाते पाण्याला घासतेही. फायदा असतो तो थोडा, आणि तोही आतले पाणी हवेशिवाय येत असेल तरच. पंप मागे सरकवून नळी लांब आणि सौम्य करणारी रचना मला पटते, कारण तिच्यात निदान पाणी आत येण्याच्या वाटेचा विचार केलेला आहे. बुडाच्या जाळीबद्दलही तेच. खवळलेल्या पाण्यात स्की सारखी उडते, परत आपटते, आणि आपटल्यावर पंपाने पाणी पहिल्या क्षणात पकडले की तिसऱ्या, यावर शर्यत जाते. ते जाळी ठरवते. पण जाळीचा फोटो काढून कोण मिरवणार?

राहिला विश्वविजेता. हवासूच्या एकाच जागतिक अंतिम स्पर्धेत दोन माणसे जिंकतात. एक फ्रीस्टाइलवाला: त्याला थांबलेल्या जागेवरून एका झटक्यात हवेत जाऊन उलटी कोलांटी मारायची आहे. हलके बूड, फुगवलेले इंजिन, मोठा पंप, सौम्य पिच, आणि सरळ रेषेत किती पळते याची त्याला फिकीर नाही. दुसरा शर्यतवाला: त्याला बोयाला चाटून वळायचे आहे आणि पुढच्या बोयापर्यंत कोणाला पुढे जाऊ द्यायचे नाही. त्याची पिच वेगळी, नोझल वेगळे, बुडाखालची राइड प्लेट वेगळी. दोघेही विश्वविजेते. नक्कल कोणाची करणार? कावासाकीची १,४९८ सीसीची फोर-स्ट्रोक एसएक्स-आर सुमारे २५० किलोची; तिच्यावरचा आकडा निम्म्याच्या आसपास वजनाच्या जुन्या ५५० ला लावणार? विजेत्याचे वजन किती, तुमचे किती? तो हिवाळ्यात गोड्या पाण्यात पळतो की उन्हाळ्यात समुद्रात? त्याच्या इंजिनाची शक्ती कोणत्या फेऱ्यांना शिखर गाठते? त्याने सांगितलेला आकडा खरा आहे कशावरून? जिंकणाऱ्याने आपला सेट जाहीर सांगावा, आणि तोही ज्यांना त्याला पुढच्या वर्षी हरवायचे आहे त्यांना, इतके भाबडे जग मी तरी पाहिलेले नाही.

नक्कल करायचीच असेल तर त्याच्या वहीची करा. जुळवणारी माणसे वही ठेवतात. एका वेळी एकच गोष्ट बदलतात. त्याच पाण्यात, वाऱ्याच्या बाजूने आणि वाऱ्याविरुद्ध, दोन्हीकडे धावून बघतात. टॅकोमीटर लावतात, जीपीएस लावतात, बोयापासून बोयापर्यंतचे सेकंद मोजतात. पूर्ण थ्रॉटलला फेरे इंजिनाच्या शिखरापेक्षा खाली आहेत? पिच उतरवतात, किंवा मागची कडा वाकवून घेतात. इम्पेलरची पाती वाकवून देणारे कारागीर आहेत आणि नव्या इम्पेलरपेक्षा ते फार स्वस्त पडतात. फेरे शिखराच्या पुढे जात आहेत? मग पंपात खरेच जागा आहे, पिच चढवा. फोर-स्ट्रोकमध्ये इलेक्ट्रॉनिक मर्यादा असते, तिथे फेरे त्या मर्यादेच्या जरा खाली राहतील असे बेततात. यात गूढ काही नाही, देखणेही काही नाही. म्हणूनच हे कोणी विकत नाही.

‘हौसेला मोल नसते’ हा शेवटचा आसरा. हौस जरूर करा. चकचकीत पंप घेऊन दिवाणखान्यात ठेवायचा असेल तर मला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण त्याला तांत्रिक निर्णय म्हणू नका, आणि पहिल्यांदाच स्की घेतलेल्या पोराच्या गळ्यात तो सल्ला म्हणून बांधू नका. त्या पोराने वर्षभर वाचवलेल्या पैशांत त्याला पंप मिळेल, वेग मिळणार नाही, आणि मग तुम्हीच त्याला सांगाल की आता इंजिन फुगव.

तेव्हा पुढचा इम्पेलर मागवण्याआधी स्की उलटी करा. नळीचा सांधा उघडा, जुने सिलिकॉन खरवडून नवे भरा. फट मोजा. पात्याच्या कडेवरून बोट फिरवा आणि लागेल तिथे कानस मारा. टॅकोमीटर जोडून सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटलने एकदा धावा आणि फेरे लिहून ठेवा. एवढे केल्यावरही इम्पेलर बदलायची गरज उरली तर जरूर बदला, आणि तेव्हा दुकानदाराला तुमचा फेऱ्यांचा आकडा सांगा. तो आकडा न विचारता जो तुम्हाला इम्पेलर देईल त्याच्याकडून घेऊ नका.